होल्डवरची धून

पंधरा वर्षं ती वकिली करत होती, पण न्यायालयात तिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. बँका, विमा कंपन्या, गुंतवणुकीचे फंड आणि त्यांची आपापसातली भांडणं, हे तिचं काम. ही भांडणं प्रचंड मोठी असतात आणि त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. कुणी कुणाचं डोकं फोडलेलं नसतं, कुणी पळून गेलेलं नसतं. हमीपत्रातल्या एका ओळीत 'आणि' धरायचं की 'किंवा', एवढ्यावर चार वर्षं जातात. तिला ते मनापासून आवडायचं. 'आणि' आणि 'किंवा' यांतला फरक समजावून सांगताना तिचे डोळे चमकायला लागायचे आणि ऐकणाऱ्याचे मिटायला.

नवरा दातांचा डॉक्टर. कुठेही पाहुणे म्हणून गेलं की लोक त्याच्यासमोर आ वासून उभे राहायचे आणि तो चमचा उलटा धरून त्यांच्या तोंडात डोकवायचा. ती बँकांचं काम बघते हे कळल्यावर लोक तिच्या जवळ सरकायचे आणि हळूच म्हणायचे, "माझं कार्ड मशीनमध्ये अडकलंय हो."

ऑफिसात तिचं टोपणनाव होतं तळटीप. कुठल्याही कागदाला खाली बारीक अक्षरात दोन ओळी जोडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती लिहायची आणि तिचे मोठे साहेब बोलायचे. साहेबांचा आवाज असा की ते कुजबुजले तरी शेजारच्या दालनातला खटला थांबायचा. ते युक्तिवाद करत आणि ती मागच्या खुर्चीवरून त्यांच्या गाऊनला हलकेच झटका देऊन चिठ्ठी पुढे करत असे. एक झटका म्हणजे 'साहेब, पान चुकलं'. दोन झटके म्हणजे 'साहेब, पक्षकार चुकला, आपण बँकेकडून आहोत'.

अशात धुनेचं प्रकरण आलं.

एका विमा कंपनीने एका बँकेवर दावा लावला होता. ग्राहकाचा फोन आला की त्याला ताटकळत ठेवताना विमा कंपनी एक छोटीशी धून वाजवायची. ती धून म्हणजे आमची ओळख आहे आणि बँकेने ती सरळसरळ उचलली आहे, असं कंपनीचं म्हणणं. आमचे ग्राहक चुकून बँकेला फोन लावतात, धून ऐकून त्यांना वाटतं बरोबर ठिकाणी लागलाय, मग अर्धा तास थांबून बँकेच्या माणसाला शिव्या देतात. तेव्हा निकाल लागेपर्यंत बँकेला ही धून वाजवायला मनाई करा, असा त्यांचा अर्ज होता. बँकेने तिच्या ऑफिसात येऊन सांगितलं, "शिव्या आमच्याच आहेत. आमच्याच ग्राहकांकडून आम्ही त्या स्वतः कमावल्यात."

तिने उत्तराचा मसुदा लिहिला. दोन्ही धुनांची रचना संपूर्ण भिन्न असल्याचं त्यात ठासून मांडलं, संगीताच्या जाणकारांचं मत जोडलं आणि भरपूर तळटीपा दिल्या. अडचण एकच होती. दोन्ही धुना तिला स्वतःला हुबेहूब सारख्या वाटत होत्या.

गाण्याचा कान तिला मुळातच नव्हता. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि प्रेमाने सांगितलं होतं, "बाळ, तू फक्त तोंड हलव." म्हणून तिने घरी नणंदेला गाठलं. नणंद गाण्याचे क्लास घ्यायची आणि वरच्याच मजल्यावर राहायची.

तिने फोनवर दोन्ही धुना ऐकवल्या आणि विचारलं, "खरं सांग, सारख्या आहेत ना?"

नणंदेने तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "वहिनी, काय बोलतेस! पहिली शेवटी वर चढते, दुसरी शेवटी खाली बसते. यांचं एकमेकांशी काही नातंच नाही."

"मला तर एकच वाटते गं."

"तुला दाराची बेल आणि फोनची रिंगही एकच वाटते. काल कुरिअरवाला बाहेर उभा आणि तू फोन कानाला लावून 'हॅलो, हॅलो' करत होतीस."

हे खरं होतं, त्यामुळे तिने पुढे वाद घातला नाही. शिवाय बोलायचं होतं मोठ्या साहेबांना. तिला चिठ्ठ्याच द्यायच्या होत्या.

सुनावणीच्या सकाळी साहेबांची दाढ ठणकायला लागली. ठणका असा की त्यांना गाडीतच रडू फुटलं. त्यांनी तिला फोन केला, तिने नवऱ्याला उठवलं, नवऱ्याने दवाखाना लवकर उघडला आणि दाढ काढून टाकली. काम स्वच्छ झालं. फक्त सुन्न करायचं इंजेक्शन साहेबांना जरा जास्तच लागू पडलं. न्यायालयाच्या पायऱ्यांवर ते भेटले तेव्हा त्यांचा डावा गाल उशीसारखा फुगला होता आणि खालचा ओठ आपल्या मर्जीने लोंबत होता.

"हाहेब, काय... म्हणजे, साहेब, काय झालं?" ती म्हणाली. घाबरल्यामुळे तीही ओठ सुन्न झाल्यासारखी बोलायला लागली होती.

"फू बोल," साहेब म्हणाले.

"फू?"

साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गालाकडे आणि मग वर, न्यायालयाच्या दिशेने. "फू! फू!"

तारीख पुढे मागायची सोय नव्हती. याच प्रकरणात साहेबांनी दोनदा तारीख घेतली होती, आणि दुसऱ्या खेपेला न्यायाधीशांनी सांगितलं होतं की आता भूकंप झाला तरी सुनावणी होईल. तिने नवऱ्याला फोन करून विचारलं, "हा परिणाम किती वेळ राहील?"

"संध्याकाळपर्यंत जाईल," तो आनंदाने म्हणाला. "दाढ बघायला हवी होतीस तू, काय मुळं होती!"

तिने फोन ठेवला.

विमा कंपनीचे वकील आधीच येऊन बसले होते. अंगाने भरभक्कम, पांढऱ्या भुरभुरत्या केसांचे. गाऊन घातला की एखादा पियानो झाकून ठेवल्यासारखे दिसायचे. वकिलांच्या बाररूममध्ये त्यांना माघारी सगळे बुलबुल म्हणत, कारण ते तरुणपणापासून गाणं शिकलेले होते आणि संधी मिळाली की गायचे. संधी नाही मिळाली तरी गायचे. निरोपसमारंभात भाषणाऐवजी त्यांनी गायलेल्या गाण्यामुळे एक निवृत्त होणारे न्यायाधीश अर्धा तास उशिरा निवृत्त झाले होते.

"मॅडम, आज तुम्ही?" बुलबुल म्हणाले. "वा! शुभेच्छा." आणि साहेबांच्या गालाकडे बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. हसू आवरण्याइतके ते सभ्य होते.

न्यायाधीश आले. काटक, गंभीर माणूस. न्यायालयात कुणी शिंकलं तरी ते चष्म्यावरून बघायचे. त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "साठ पानं तुमची, सत्तर त्यांची. मी सगळी वाचली. धून कशी आहे ते मला कळलेलं नाही. आधी ती ऐकवा."

याची तयारी तिने केली होती. दोन्ही धुना तिच्या फोनमध्ये होत्या आणि न्यायालयाचा स्पीकर टेबलावर ठेवलेला होता. शिपायाने स्पीकरचं बटण दाबलं. निळा दिवा लागला. तिने फोनवर बोट ठेवलं आणि स्पीकरमधून एका बाईचा मऊ, मधाळ आवाज आला:

"पोट आत घ्या. अजून आत. छान. आता स्वतःला सांगा, मला बिस्किट नको."

तिने फोन बघितला. तिच्या फोनमध्ये असलं काही नव्हतं.

"मला बिस्किट नको," स्पीकर म्हणाला. "मी बिस्किटापेक्षा मोठा आहे."

न्यायाधीशांचा हात त्यांच्या झग्याच्या खिशात गेला. आत काहीतरी धडपड झाली. आवाज वाढला. "बिस्किट माझ्यावर राज्य करत नाही! दीर्घ श्वास..." आणि बंद झाला. दुपारच्या सुट्टीत हा स्पीकर न्यायाधीशांच्या खोलीत नेला जातो हे शिपायाला माहीत होतं, लघुलेखकाला माहीत होतं, आणि आता सगळ्यांना माहीत झालं होतं. लघुलेखक टंकयंत्रावर इतका खाली वाकला होता की त्याचे फक्त खांदे दिसत होते, आणि ते हलत होते.

"हा आवाज कुठून आला," न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "याची चौकशी न्यायालय करणार नाही. यंत्रं बाजूला ठेवा. सगळी. शिपाई, तो स्पीकर बाहेर घेऊन जा."

"मग धून, महोदय?" तिने विचारलं.

"धून तुम्ही तोंडाने म्हणून दाखवा."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तोंडाने?"

"गुणगुणलं तरी चालेल. पुरावा म्हणून नाही, माझ्या समजुतीसाठी. तुमच्याच उत्तरात लिहिलंय की दोन्हींतला फरक 'सामान्य श्रोत्यालाही सहज कळेल असा' आहे. तुम्ही सामान्य श्रोत्या आहात ना?"

ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. तळटिपेत होतं, पण होतं. तिने मागे वळून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी डोळे मिटले होते.

तिने घसा साफ केला. खरं तर घशाचा काही दोष नव्हता. तिने आधी विमा कंपनीची धून सुरू केली. 'हं हं हंहं हंऽऽ' असा एक सपाट, ठाम आवाज दालनात फिरला. बंद पडता पडता वाचलेल्या फ्रीजसारखा तो होता. मागच्या बाकावरच्या एका वृद्ध पक्षकाराने कानातलं यंत्र काढून तपासलं.

"ही वादीची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो, महोदय. आता बँकेची." तिने पुन्हा सुरू केलं. 'हं हं हंहं हंऽऽ.' शेवटी खाली बसायचं, नणंदेने सांगितलं होतं, म्हणून शेवटच्या 'हं'ला ती स्वतःच गुडघ्यात जराशी वाकली. आवाज मात्र होता तिथेच राहिला. हे ऐकवेना म्हणून साहेबांच्या तोंडून मागे एक लांब कण्हणं निघालं, "म्म्म्म."

"सोबत कोण म्हणतंय?" न्यायाधीश म्हणाले.

"कुणी नाही, महोदय. दाढ काढली आहे त्यांची."

लघुलेखकाने हात वर केला. "साहेब, 'हं' किती लिहू? आणि दाढेचं घेऊ का?"

"लिहा, 'वकिलांनी दोन्ही धुना गुणगुणून दाखवल्या.'" न्यायाधीश पेन टेबलावर ठेवत म्हणाले, "मॅडम, तुम्ही मेहनत घेतलीत. पण मला दोन्ही अगदी सारख्या वाटल्या. एका केसाचाही फरक नाही."

ती खाली बसली. कान तापले होते. पंधरा वर्षं मागच्या खुर्चीवर बसून जे टाळलं होतं ते सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि तेही बेसूर. आता बुलबुल उठतील, 'मला यापुढे काही म्हणायचं नाही' म्हणतील आणि खटला जिंकून चहाला जातील. त्यांनी तेवढंच करायचं होतं. त्यांचा सहायक त्यांना तेच खुणावत होता.

बुलबुल उठले. पण त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. वेदना होती. कुणीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत एखाद्या लेकराला पाडलं असावं, तशी.

"महोदय," ते म्हणाले, "माझ्या पक्षकाराच्या धुनेवर आत्ता, या ठिकाणी, अन्याय झाला आहे."

"तुमच्या बाजूनेच झाला आहे," न्यायाधीश म्हणाले.

"असेल. पण ती धून अशी नाही, महोदय. ही धून न्यायालयाच्या कानात अशी राहिली तर मला झोप लागणार नाही. परवानगी असेल तर मी ती नीट म्हणतो."

सहायकाने त्यांचा गाऊन धरला. एक झटका दिला, मग दोन, मग तिने कधी दिले नसतील इतके. बुलबुल हलले नाहीत. न्यायाधीशांनी मान डोलावली.

आणि बुलबुल गायले. एवढ्या अवाढव्य देहातून इतका नाजूक आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं. फोनवर ताटकळणाऱ्या माणसासाठी बनवलेली ती टिंगटिंग त्यांनी हळुवार उचलली, वळणं घेत वर नेली आणि शेवटचा स्वर असा लांबवला की शिपाई दारातच थांबला. "ही माझ्या पक्षकाराची," ते म्हणाले. "बघा, शेवटी वर जाते. आशा आहे तिच्यात. आता कुणीतरी फोन उचलेल, असं वाटतं की नाही?"

"वाटतं," न्यायाधीश म्हणाले. ते पुढे सरकून बसले होते. "आणि बँकेची?"

सहायकाने हातातली फाइल मुद्दाम खाली पाडली. मोठा आवाज झाला. बुलबुलांनी तिकडे बघितलंही नाही. बँकेची धून त्यांनी वाईट गायली असती तरी निभावलं असतं, पण वाईट गाणं त्यांना येत नव्हतं. ती धूनही त्यांनी तितक्याच प्रेमाने गायली. शेवटी आवाज पायरी पायरीने उतरत गेला आणि तळाशी जाऊन शांत झाला.

"आणि हिच्यात," बुलबुल रंगात येऊन सांगायला लागले, "हिच्यात आशा नाही, महोदय. हिने सोडून दिलंय. आता कुणी फोन उचलत नाही, तेव्हा बसा आरामात खुर्चीत. सगळा भावच निराळा. पहिलीचा चढ कुठे आणि हिचा उतार कुठे!"

"पुन्हा एकदा म्हणता?"

बुलबुलांनी दोन्ही पुन्हा म्हटल्या. संपल्यावर मागच्या बाकावरच्या वृद्ध पक्षकाराने टाळी वाजवली आणि शिपायाने त्यांना गप्प केलं.

"म्हणजे," न्यायाधीश सावकाश म्हणाले, "दोन्ही धुना वेगळ्या आहेत."

बुलबुलांचं तोंड उघडं राहिलं. काय झालं ते त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सहायकाने डोकं टेबलावर टेकवलं होतं.

"तत्त्वतः," बुलबुल म्हणाले. "म्हणजे कलेच्या दृष्टीने. व्यापारी दृष्टीने मात्र, महोदय, त्या पुष्कळशा..."

इतक्यात ती उठली. आपण उठलो आहोत हे तिला उठल्यावर कळलं. मागून चिठ्ठी आली नव्हती, साहेब गालाला रुमाल लावून बसले होते. तिने टेबलाची कड धरली आणि म्हणाली, "महोदय, माझ्या विद्वान मित्रांचं म्हणणं मला शब्दशः मान्य आहे. मला त्यात भर घालायची नाही. एक तळटीपसुद्धा नाही."

आणि खाली बसली. मागून एक जोरदार "फाबाऽफ!" ऐकू आलं. ते 'शाबास' होतं.

न्यायाधीशांनी तिथेच हुकूम सांगायला घेतला. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी धुना म्हणून दाखवल्या. वादीच्या वकिलांचं गायन अधिक विश्वासार्ह वाटलं. त्या गायनावरून धुना भिन्न असल्याचं दिसतं. सबब मनाईचा अर्ज नामंजूर. 'विश्वासार्ह' या शब्दापाशी त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण त्या बघण्यात राग नव्हता.

बाहेर बाकावर बँकेच्या कायदा विभागाचे अधिकारी बसले होते. ते धावतच आले. "मॅडम, कमाल केलीत! वरिष्ठ फार खूश होतील. तसंही पुढच्या आठवड्यापासून आम्ही ती धून बंदच करतोय."

"बंद?"

"लोकांना फार उदास वाटते म्हणे. काहीजण ऐकता ऐकता खाती बंद करतात."

"मग हा खटला आपण लढलो कशाला?"

अधिकाऱ्यांना या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं. "आपण बरोबर होतो ना, म्हणून."

ती बाररूममध्ये गेली तेव्हा बुलबुल कोपऱ्यात एकटेच चहा घेत होते. हरल्याचं त्यांना विशेष काही वाटत नसावं. तिला बघून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा. एक विचारू? तुम्ही ते मुद्दाम केलंत का? मला डिवचायला?"

तिच्या मनात आलं की हो म्हणावं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिला इतकं धूर्त समजत होतं. "नाही हो," ती म्हणाली. "माझं येतंच तसं."

"अरेरे," बुलबुल कळवळून म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

साहेबांचा आवाज संध्याकाळी परत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. गाल अजून थोडा सुजलेला होता. "मी विचार केला," ते म्हणाले, "आता तू स्वतः उभी राहत जा. मी मागे बसतो. मला जरा आरामही हवाय." तिने आढेवेढे घेतले, पण फार नाही.

पुढच्या महिन्यात तिची स्वतःची पहिली सुनावणी लागली. मालवाहू जहाजांसाठी दिलेली बँक हमी आणि तिच्यातलं एक कलम. ती दालनात शिरली आणि दचकली. बाकं गच्च भरलेली, भिंतीला टेकून माणसं उभी. इतर न्यायालयांतले शिपाईसुद्धा आले होते. ती गाणार आहे, अशी बातमी कुणीतरी पसरवली होती.

तिने फाइल उघडली आणि कलमातला स्वल्पविराम घेऊन बोलायला सुरुवात केली. पहिल्या दहा मिनिटांत भिंतीपासची माणसं गेली. स्वल्पविरामानंतरच्या शब्दाकडे ती वळली तेव्हा मधली बाकं रिकामी झाली. दुपारच्या सुट्टीपर्यंत दालनात न्यायाधीश, लघुलेखक, दोन्हीकडचे वकील आणि झोप लागल्यामुळे जाता न आलेला एक माणूस एवढेच उरले. ती मात्र बोलत होती. टेबलाची कड तिने केव्हा सोडली तेही तिला कळलं नाही. दोन्ही हात मोकळे होते आणि ती ते हवेत फिरवून तो स्वल्पविराम कुठे पडतो ते दाखवत होती.